लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचे पाय

तुमच्या घरी असं कोणी आहे का, ज्याचं म्हणणं कोणीच खरं मानत नाही?

आज सकाळी मुलचेरा तालुक्यातल्या सोळा वर्षांच्या प्रणालीला माझ्या दवाखान्यात उचलून आणलं. काल लग्नात ताटभर बुंदी खाल्ली आणि आज पाय हलेनात. साप चावला असेल म्हणून सगळे घाबरलेले. रक्तात पोटॅशियम फारच कमी निघालं. पण का?

मी विचारलं, "घरात आणखी कोणाला असं होतं?"

"हिचे बाबा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उठतच नाई," आई म्हणाली. "मोहाची दारू पिऊन."

"मी पेत नाई. पायच उठत नाई," बाबा पुटपुटले.

काही घराण्यांत भरपेट गोड खाल्लं की रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि दुसऱ्या दिवशी पाय लुळे पडतात. थायरॉईडमुळेही असं होतं, तो रिपोर्ट यायचाय; पण आजार बाबांकडूनच आला असावा.

पोटॅशियम दिल्यावर दुपारी पोरीचे पाय हलले. आई नवऱ्याला म्हणाली, "एवढी वर्षं तुमी रागावले काऊन नाई?"

"रागावलो असतो त म्हनली असती, अजून उतरली नाई."