राणीचा झगा आणि सरांची चिठ्ठी

शाळेच्या नाटकाचे कपडे शिवणाऱ्या मावशींना राणी कोण होणार, हे निवडीआधीच कळायचं. कारण नाटकाचे सर मापांची चिठ्ठी आठवडाभर आधी धाडत. राणी दरवर्षी सरांची पुतणीच! खणखणीत आवाजाची दहावीतली एक उंच पोरगी मात्र तीन वर्षं झाडाचंच काम करत होती, आणि यंदाचं तिचं शेवटचं नाटक. मावशींना ते फार लागलं होतं.

निवड सुरू असतानाच मावशी तयार झगा घेऊन हॉलमध्ये शिरल्या.

"सर, पुतणीला जरा घालून बघू द्या. तुम्ही पाठवलेल्या मापाचाच शिवलाय."

हॉलभर हशा पिकला. सरांचे कान लाल झाले.

"अहो मावशी, निवड व्हायचीय अजून!"

"अगं बाई! मग मला चिठ्ठी कशी आली?" मावशींचा चेहरा असा भोळाभाबडा, की त्या दिवशीचा सगळ्यात सरस अभिनय तोच.

आता चारचौघांत सरांना सगळ्या पोरींचं नीट ऐकावंच लागलं. उंच पोरीने राणीचं पहिलं वाक्य म्हटलं आणि खुद्द पुतणीनेच टाळ्या पिटल्या.

"झगा तिला आखूड होईल," सर पुटपुटले.

"खाली वीतभर कापड दुमडून ठेवलंय," म्हणत मावशी उसवायला बसल्यासुद्धा.