लोखंडाचे चणे

क्रेनवहिनीला जमिनीवर करमायचंच नाही. लोखंड ओतायच्या कारखान्यात छताखाली रुळांवरून धावणारी मोठी क्रेन ती चालवायची. खाली वितळलेल्या लोखंडाने भरलेली बादली तिच्या हाताच्या जराशा हालचालीने तरंगत जायची, थेंब सांडेल तर शपथ! केबिनच्या काचेतून कुंपणापलीकडचं तिचं घर दिसायचं, स्वयंपाकघराचं मागचं दार, आणि त्या दारात कप घेऊन बसलेली सासू. वहिनी भोंगा द्यायची, सासू कप उंचावायची. दोघींचा रोजचा रामराम तो.

आणि एके दिवशी शिडी चढताना वहिनीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन पार तळाला. अंगावरून जास्त जात होतं, त्याचं औषध सुरू झालं. जोडीला रोज एक लोहाची गोळी. पुढच्या तपासणीला रक्त वाढलं तर क्रेन, नाहीतर क्रेन कायमची दुसऱ्याच्या हातात. तोवर कोठारात नटबोल्ट निवडत बसा. आता बोला! दिवसभर लोखंडात वावरणारी बाई आणि अंगात लोखंडच कमी. नवऱ्याने तर लोहचुंबक आणून तिच्या दंडाला लावून बघितलं.

वहिनी मात्र हट्टाला पेटली. लोखंडाचे चणे खावे लागले तरी खाईन, पण क्रेन सोडणार नाही, म्हणाली. एका गोळीच्या जागी दोन घ्यायला लागली, मग सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन. गोळीने मळमळायचं, म्हणून सासू दुधाचा पेला घेऊन पुढ्यात उभी. तोंडाची चव जावी म्हणून वर कडक चहा. सूनबाई गोळी गिळेपर्यंत म्हातारी जागची हलायची नाही. माया म्हणजे किती माया!

तपासणी झाली. रक्त जिथल्या तिथे. वहिनीचा असा संताप झाला की विचारू नका. तुमच्या गोळ्याच खोट्या आहेत, म्हणून ती डॉक्टरीणबाईंवर उखडली. बाईंनी एवढंच विचारलं, की गोळी घेता कशी. वहिनीने सगळं सांगितलं आणि बाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, जास्तीचं लोह बाहेर टाकायला शरीराला धड वाटच नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून ते आत घेतानाच हात राखून घेतं. तुम्ही गोळ्यांवर गोळ्या लोटल्या की आतडं दार ओढून घेतं, ते दुसऱ्या दिवसापर्यंत नीट उघडत नाही. त्यात दूध आणि चहा दारात आडवे."

अति तिथे माती, दुसरं काय! यापुढे एकाआड एक दिवस एकच गोळी घ्यायची, रिकाम्या पोटी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, कारण लिंबाने लोह आत जायला मदत होते. चहा आणि दूध दोन तासांनी. बाईंनी कारखान्याच्या साहेबांकडून मुदत वाढवून घेतली, पण शेवटची म्हणून बजावलं.

वहिनी घरी आली ती धावतच. पोटात असा पहारेकरी बसलाय, साठा कमी असला की दार मोठं करतो, घाई केली की लावून घेतो, हे तिने हातवारे करून सासूला सांगितलं. तिला कोण आनंद झाला होता! पण सासूने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे तुला खाली मीच अडकवून ठेवलं गं," ती हळूच म्हणाली.

"दोघींनी मिळून, आई. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं."

सासूने चहाचा डबा उचलून माळ्यावर टाकला. सून क्रेनवर चढेपर्यंत मीही शिवणार नाही, म्हणाली. चहाशिवाय जिचा दिवस उजाडायचा नाही, ती! दोन तासांनी चालतो हो, म्हणून वहिनीने परोपरीने सांगितलं. ऐकेल तर ती सासू कसली. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, पण लिंबू पिळायला ती कधी चुकली नाही.

आणि रक्त वाढलं! चांगलं भरघोस वाढलं. वहिनी शिडी चढली, मध्ये कुठे टेकलीसुद्धा नाही. केबिनची काच तिने पदराने पुसली. पलीकडे दारात सासू उभी होती, वर बघत, रिकाम्या हातांनी. वहिनीने भोंगा दिला. सासू लगबगीने आत गेली, आणि बऱ्याच वेळाने कप घेऊन बाहेर आली.