रविवारचं इंजिन

बोरगावहून नामदेवरावांच्या पत्नी सिंधूकाकूंचा फोन आला, तेव्हा मी पांढुर्ण्याहून आलेली कापसाच्या भावाची बातमी तपासत होतो. "हे गेले. बगीच्यात, इंजिनापाशी... चालूच होतं ते. मीच बंद केलं," एवढंच त्या बोलल्या. त्याला आता महिना होईल.

नामदेवराव लष्कराच्या हवाई संरक्षण तोफखान्यातून मानद कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि सौंसरजवळच्या बोरगावात संत्र्यात रमले. आमच्या पुरवणीत ते संरक्षण खर्चावर लिहीत. त्यांचं म्हणणं एवढंच असे : क्षेपणास्त्रं रोखणारी ढाल हवीच, पण तिच्यासाठी पैसा काढताना सुटे भाग, सराव आणि यंत्रावर बसणाऱ्या माणसांची तरतूद कापू नका. त्यांच्या दृष्टीने हा कागदी वाद नव्हता. मुलगी माधुरी मेजर आहे, सीमेवरच्या अशाच एका तुकडीत. "कॅप्टनच्या घरी मेजर! आता मलेच सॅल्यूट ठोका लागते," हे ते बसस्टँडवरही सांगत.

सौंसरच्या एका सभेत कापसाच्या व्यापाऱ्याने विचारलं, "साहेब, साऱ्या देशावरच ढाल काहून नाही बसवत?"

"शेठ, मी बी तेच केलं होतं," नामदेवराव म्हणाले. सगळा पैसा त्यांनी नव्या ठिबकात आणि विजेच्या पंपात घातला होता. जुनं डिझेल इंजिन ताडपत्रीखाली पडून राहिलं. आंबिया बहाराची फळं झाडावर असताना, भर उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर जळाला. ताडपत्री काढली तर इंजिन जाम. फळ गळून गेलं. "ठिबक एक नंबर होतं, शेठ. पानी नव्हतं." सभागृह हसलं. ते हसले नाहीत.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते इंजिन चालवीत, पावसाळ्यातही. सुट्टीवर आलेली माधुरी चिडवायची, "बाबा, वावरात गुडघाभर पानी, अन् तुमी इंजिन चालवून राहिले!"

"तुह्याकडे का रोज लढाई असते का वं?"

हट्टी होते. सीमेवर तणाव वाढला, ढालीने हल्ले हवेतच अडवले, तेव्हा मी फोनवर म्हटलं, "आता तरी मान्य करा, ढालीवरचा खर्च योग्यच होता."

"मानलं," ते म्हणाले. "पण पोरीच्या तुकडीले झोप नाही. बदली मानसं कुठी आहेत?"

त्या आठवड्याच्या लेखात त्यांनी पहिल्याच परिच्छेदात ढालीचं श्रेय नोंदवलं. बदली माणसांचा प्रश्न त्यानंतर होता. असा सरळपणा मी या विषयावर लिहिणाऱ्या फार थोड्यांत पाहिला.

तेरवी आटोपून माधुरी ड्यूटीवर परतली. गेल्या रविवारी मी बोरगावला गेलो. काकूंनी पदर खोचला आणि हँडल फिरवलं. पहिल्या खेपेला नाही, दुसऱ्यालाही नाही... मग इंजिन धडधडलं. इतक्यात माधुरीचा फोन आला. काकूंनी तो कानाला लावला नाही, हात लांब करून इंजिनासमोर धरला. बराच वेळ धरून ठेवला.