माझी डेट आणि सोसायटीची टाकी

रविवारी संध्याकाळी सानपाड्यातल्या एका कॅफेत माझी डेट होती. होय, माझीच... वय सेहेचाळीस, घटस्फोट होऊन बरीच वर्षं झालेली, लेक पुण्यात नोकरीला.

स्थळ लेकीनं ऑनलाइन शोधलं, पण मला साडी नेसवून घराबाहेर ढकललं रंजनानं. रंजना इथल्याच शिरवणे गावची. घटस्फोटानंतर मी आधी तिच्याकडे भाड्यानं राहिले, मग सानपाड्यात फ्लॅट घेतला, तरी ती अजून स्वतःला माझी सासू समजते.

आमचं असं ठरलं होतं... रंजना कोपऱ्यातल्या टेबलावर अनोळखी बाईसारखी बसणार. माणूस बोअर निघाला तर मी पर्स टेबलावर ठेवायची, की तिनं फोन करून सोसायटीची टाकी भरून वाहतेय म्हणून मला उठवायचं. कमिटीत पाण्याचं मीच बघते, त्यामुळे बहाणा अगदी घरगुती.

शिरीष खारघरहून स्कूटरवर आले. बायको जाऊन काही वर्षं झालेली, एकटेच राहतात, आणि चक्क छान बोलतात. डाळ न घालताच कुकरच्या शिट्ट्या घेतल्याचा किस्सा त्यांनी असा सांगितला, की मी हसून हसून बेजार.

मग मेनू कार्ड आलं. अक्षरं मुंगीएवढी... चष्मा काढायला मी पर्स टेबलावर ठेवली.

लगेच फोन. "अगो ये लवकर, टाकी भरून वाहते हाय, सगला पानी जिन्यात आलाय." आवाज इतका, की शिरीषनाही ऐकू गेलं. मी कोपऱ्याकडे बघून डोळे वटारले, पण बाईसाहेब अभिनयात पार रंगल्या होत्या.

राहू दे, वॉचमन बघेल, असं मी म्हणणार तोच शिरीष उठले. "मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे हो. पाणी वाया जातंय म्हटल्यावर मला बसवत नाही. चला."

खरं सांगायची हिंमत झाली नाही. गपचूप त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. आमच्या गच्चीवर इस्त्रीच्या शर्टानिशी ते लोखंडी शिडी चढले, झाकण उघडून टॉर्च मारला. "टाकी तर निम्मी रिकामी आहे..."

मी काही जुळवते तोवर मागून धापा टाकत रंजना आली. रिक्षा करून आमच्या मागोमाग. नकोशा माणसाबरोबर मी एकटी गेलेय, या काळजीनं तिचा जीव टांगणीला लागला होता. "दादा, टाकीला काय नाय झाला. मीच फोन केला. हिला उठायचा होता, म्हनून हिनं पर्स ठेवली."

शिरीष शिडीवरून उतरले. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "सरळ सांगितलं असतंत तरी चाललं असतं," एवढंच म्हणाले आणि जिन्याकडे वळले.

अख्ख्या संसारात मी 'चालेल' आणि 'तुम्ही म्हणाल तसं' एवढंच बोलत आले. मला काय हवंय ते कुणी विचारलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. आता गप्प बसले तर हा माणूस जिना उतरून जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"मला उठायचं नव्हतं," मी म्हणाले. "चष्मा काढायला पर्स ठेवली होती. तुमच्याशी बोलायला मला आवडतंय. थांबा ना." एकदाचं बोलले.

ते थांबले. रंजनानं कपाळावर हात मारून घेतला आणि चहा आणते म्हणून खाली गेली. तासभर झाला तरी तिचा पत्ता नाही. तोवर आम्ही टाकीला टेकून पालकाच्या जुड्यांपासून आमच्या मुलांपर्यंत सगळं बोलून घेतलं. पुढच्या रविवारी पुन्हा भेटतोय.

रंजना, तू हा घोळ घातला नसतास, तर 'आवडतंय' हा शब्द मी दिवाळीपर्यंत गिळून बसले असते. थँक्यू गं बाई...