तिसरा उन्हाळा पाहणारे गुरुजी

तायडे गुरुजींची आणि माझी पहिली ओळख भीतीतून झाली. त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथात असे लिहावे की नाही, याचा मी आठ दिवस विचार केला. पण गुरुजींबद्दल खोटे लिहिण्याची भीती त्याहून मोठी ठरली.

बार्शीटाकळीच्या शाळेत ते नवे आले तेव्हा मी सातवीत होतो. आमच्या गावामागची टेकडी सरपणापायी बोडकी झाली होती. पावसात माती वाहून जाई, पाणी थांबत नसे आणि विहीर दरवर्षी थोडी आधीच तळाला जाई. गुरुजी एकदा त्या विहिरीत वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पोट्टेहो, तुमी म्हातारे होईस्तोर हे पानी पुरन काय रे?" त्या दिवसापासून मला विहिरीत डोकावायची धास्ती बसली. त्या धास्तीनेच आम्ही टेकडीवर चाळीस कडुलिंब लावले. पोरांनी मला म्होरक्या केले.

गुरुजींची एक रीत होती, आजही आहे. गावासाठी असे काम अंगावर घेणाऱ्या पोरापोरींचा ते शाळेत सत्कार करतात. पण झाडे लावली त्या वर्षी नाही. तिसऱ्या वैशाखात स्वतः येऊन एकेक आळे पाहतात आणि शाळा उघडली की प्रार्थनेनंतर नाव पुकारून आपल्या हाताने तांब्याभर पाणी देतात. हार नाही, नारळ नाही. गुरुजी बौद्ध, आमचे घर भिक्षुकीचे; त्यांच्या हातचे पाणी आमच्याकडे चालणारे नव्हते. तरी मला ते हवे होते.

तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरीने दगा दिला. माणसांनाच पुरेना, तेव्हा झाडांचे पाणी बंद झाले आणि एकवीस झाडे जळाली. गुरुजी सकाळी येणार म्हणून आम्ही पहाटे त्या आळ्यांत हिरव्या फांद्या खोचून ठेवल्या. नेमकी त्यांची सायकल वाटेत पंक्चर झाली. ते भर दुपारी पोचले तोवर फांद्यांनी माना टाकल्या होत्या.

गुरुजी ओळीओळीने चालत होते. मी चार पावले मागेच रेंगाळत होतो.

"काहून रे, मांगं काहून राहिला?"

"गुरुजी, हे एकवीस मेले. ह्या फांद्या आमीच खोचल्या."

"काहून?"

"तुमाले भेलो."

ते आळ्याशी खाली बसले. रागावले असते तर बरे झाले असते. "मले काय भेतं? त्या विहिरीले भे," ते म्हणाले. "मेलेलं झाकून ठेवलं, तर त्या जागी दुसरं लावन कोन?"

शाळा उघडली. प्रार्थनेनंतर माझे नाव ऐकून मी दचकलो. "एकोणीस जगवले, एकवीस मेले, अन् हे त्यानं सोताच्या तोंडानं सांगतलं," एवढेच गुरुजी बोलले आणि तांब्या पुढे केला. तांब्या घाईने तोंडाला लावताना निम्मे पाणी सदऱ्यावर सांडले. उरलेले मी प्यालो. घरी पुढे काय झाले ते इथे सांगत नाही. त्याच पावसाळ्यात आम्ही ते एकवीस खड्डे पुन्हा भरले.

आता मीही अमरावतीत मास्तरकी करतो. गेल्या वैशाखात चांदूर बाजारकडे मुलींनी जगवलेली झाडे पाहताना गुरुजींना ऊन लागले आणि ते तिथेच कोसळले. मी दवाखान्यात धावत गेलो तेव्हा त्यांचा हात हातात घेण्याचाही मला धीर होईना. डोळे उघडल्यावर त्यांनी विचारले, "पोरींचे दोन आळे पाहाचे राह्यले ना?" डॉक्टरांनी उन्हात फिरणे बंद केले आहे. ते ऐकतील असे वाटत नाही आणि मला फार भीती वाटते.

गुरुजींच्या साठीनिमित्त आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी त्याच टेकडीवर साठ कडुलिंब लावले आहेत. त्या झाडांनी अजून एकही उन्हाळा पाहिलेला नाही. म्हणून गुरुजी, तुमच्याच रीतीप्रमाणे आमचा सत्कार तीन उन्हाळ्यांनंतर. तोवर तुम्ही धडधाकट राहायचे, आणि पुढे जी पोरे झाडे लावतील त्यांच्या तिसऱ्या वैशाखालाही राहायचे. पाहणीला मात्र सकाळच्या गारव्यात या, सायकल आम्ही धरतो. मेलेले एकही झाड झाकणार नाही. तांब्या तेवढा तुमच्याच हातचा हवा.