भोयर साहेबांची खोली

गोदूताई भोयर रागावल्या की आवाज चढवत नसत. उलट तो खाली आणत आणि एकच शब्द विचारत, "काऊन?" एरवी त्यांची भाषा पुस्तकी होती. आर्वीच्या मुलींच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या, भूगोल शिकवत, आणि एखादी मुलगी "मले" म्हणाली की लगेच "मला" म्हणून दुरुस्त करत. हा एक शब्द मात्र त्यांनी दुरुस्तीतून वगळला होता. "'का' म्हटलं की माणूस इकडचं तिकडचं बोलून सुटतो," त्या म्हणत. "'काऊन' म्हटलं की त्याला थांबावं लागतं." विचारून झाले की त्या गप्प राहत आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याकडे पाहत बसत. गावात याला उद्धटपणा म्हणत. त्यात कारण विचारणे आणि ते ऐकायला थांबणे, यापलीकडे काही नव्हते. आर्वीला तेवढेही सोसले नाही.

मी त्या काळात नागपूरच्या एका दैनिकाचा आर्वीचा वार्ताहर होतो. त्यांना पहिल्यांदा पाहिले ते पुलगावच्या रस्त्यावर. त्यांच्या वडिलांच्या सरकीच्या धंद्यातून वाट्याला आलेली जुनी काळी मोटार रस्त्याच्या कडेला उभी होती, बॉनेट उघडे होते आणि आतून वाफ निघत होती. बैलगाडीवाले दोघे-तिघे जमले होते. शेतातल्या विहिरीवरून बादली घेऊन एक बाई आल्या.

"बाई, डायव्हर कुठी गेला?" एकाने विचारले.

"डायव्हर पानी आनाले गेलती," त्या म्हणाल्या, "आता आली." आणि बादली त्याच्या हातात देऊन त्यांनी इंजिन थोडे निवू दिले. पाणी घाईने ओतायचे नसते, हे त्याला समजावून सांगितले. मग ओतले.

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासासाठी त्या वर्षभर इंग्लंडमध्ये राहिल्या होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत ब्रह्मदेशातल्या एका मैत्रिणीबरोबर त्यांनी भाड्याची मोटार घेतली आणि वेल्समध्ये आणि मग बोटीने पलीकडे फ्रान्समध्ये फिरून आल्या. आर्वी तालुक्यातून विलायतेला गेलेले लोक होते; पण तिथे स्वतः मोटार चालवून हिंडलेल्या त्या एकट्याच. त्यामुळे जिल्ह्यात कोणीही परदेशी निघाले की त्यांच्या घरी येई. कधी वर्ध्याचे डॉक्टर, कधी पुलगावच्या लष्करी डेपोतला एखादा अधिकारी. गोदूताई त्यांना चहा देत आणि तासभर बोलत.

त्यांचे सांगणे अगदी कामाचे असे. "इंग्लंडात बाजू आपलीच आहे, डावी. हॉर्न मात्र विसरा. तिथं हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी देणं." "फ्रान्सात बाजू बदलते. गर्दीत चूक होत नाही, समोरची गाडी शिकवते. चूक होते सकाळी, रिकाम्या अंगणातून गाडी बाहेर काढताना. तेव्हा सोबतच्या माणसाला मोठ्यानं 'उजवी' म्हणायला लावा." "रस्ता पोलिसाला विचारा. तिथं तो खरंच रस्ता सांगतो." "खोली घेण्यापूर्वी चादरीवर हात ठेवा. ओल डोळ्यांना दिसत नाही." "तिखट न्या, शेंगदाण्याचा कूट न्या, तांब्या न्या. तांब्याची लाज वाटत असेल तर परदेशी जाऊच नका."

एक सल्ला त्या शेवटी देत आणि तो देताना त्यांचा आवाज खाली येई. "टेलिफोनवर खोली मागू नका. टेलिफोनवर रंग दिसत नाही. तुमची इंग्रजी ऐकून घरमालकीण म्हणते, खोली आहे, या. दार उघडून तोंड पाहिलं की म्हणते, आत्ताच भरली. तोवर अंधार पडत आलेला असतो. म्हणून आधी तोंड दाखवा. नाही म्हणायचं असेल तर तिला दुपारी म्हणू दे. दुसरं दार शोधायला उजेड राहतो." वेल्समध्ये त्यांना अशी दारे ओळीने लागली होती. एका बाईला त्यांनी कारण विचारले. ती म्हणाली, माझी स्वतःची काही हरकत नाही, पण इतर भाडेकरूंना आवडणार नाही. हे वाक्य गोदूताई इंग्रजीत जसेच्या तसे म्हणून दाखवत.

नागपूरच्या बौद्ध धर्मांतराच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्या जंगल पाहायला चांद्याकडे निघाल्या. सोबत शाळेतल्या मराठीच्या शिक्षिका शांताबाई मेश्राम होत्या. शांताबाईंचे कुटुंब बौद्ध झाले होते. वाटेतल्या एका सरकारी विश्रामगृहात मुक्काम करायचा होता. गोदूताईंनी महिनाभर आधी रीतसर अर्ज केला होता आणि होकारही आला होता. आपल्या मुलखात तोंड आधी दाखवायची गरज नाही, असे त्यांना वाटले. तो सल्ला त्यांनी परदेशासाठी राखून ठेवला होता. अर्जाखाली सही होती, जी. भोयर. पुढे हुद्दा होता, 'शाळाप्रमुख'; त्यावरून बाई की पुरुष ते कळत नव्हते.

जाम गावावरून पुढे गेल्यावर दिवेलागणीला गाडी विश्रामगृहाच्या आवारात शिरली. त्यानंतर जे बोलणे झाले ते शांताबाईंनी मला सांगितले आणि गोदूताईंनी वेगळ्याने सांगितले. दोन्हींत फरक नव्हता.

चौकीदार कंदील घेऊन आला. गाडीच्या मागच्या बाजूला डोकावला आणि म्हणाला, "साहेब मांगून येऊन राह्यले का?"

"कोण साहेब?"

"भोयर साहेब. त्याइच्या नावाची खोली हाये. पानी तापवलं, कोंबडी कापली."

"मीच भोयर."

चौकीदाराने कंदील वर केला. "मंग घरधनी?"

"लग्न नाही झालं."

"मंग संगं कोन हाये?"

"या शांताबाई. शिक्षिका आहेत."

"तसं नाई. मानूस कोन हाये म्हनतो मी."

"आमी दोघी तुले काय दिसून राह्यलो?" गोदूताईंची पुस्तकी भाषा इथे संपली.

चौकीदार ओशाळला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला नोकरी होती आणि वर साहेब होता. त्याने विषय बदलावा तसे शांताबाईंकडे पाहून विचारले, "याइचं आडनाव?"

"मेश्राम," शांताबाई म्हणाल्या, आणि पुढचा प्रश्न येण्याआधीच त्यांनी उत्तर दिले, "बौद्ध."

"मंग तर नाईच जमत, बाई. खोली भरली."

"कोनं भरली?"

"भोयर साहेबानं."

गोदूताईंनी त्याला आपला तो एक शब्द विचारला. चौकीदार कंदील घेऊन आत गेला आणि त्याने दार लावून घेतले. रात्र दोघींनी फाटकाबाहेर मोटारीत काढली. आत खोली रिकामी होती, पलंग घातलेला होता आणि पाणी निवत होते. पुढचे दिवस त्या चांद्याला शांताबाईंच्या मावशीकडे राहिल्या. मावशीने त्यांच्या सोबत कोण आहे हे विचारले नाही. जेवल्या का, हे विचारले.

परत आल्यावर गोदूताईंनी संबंधित खात्याकडे तक्रार केली. खोली मंजूर असताना ती का नाकारली, एवढेच त्यांनी विचारले होते. खात्याचे उत्तर त्यांना आले नाही. ते शाळेच्या चिटणिसांना आले. आपल्या संस्थेच्या मुख्याध्यापिका कोणाच्या परवानगीने पुरुषाच्या सोबतीशिवाय मुक्कामी प्रवास करतात, अशी त्यात विचारणा होती. नाकारलेल्या खोलीबद्दल एक अक्षर नव्हते. तक्रार करणाऱ्या बाईचाच खुलासा मागवायचा, हे कोणाही अधिकाऱ्याला विचित्र वाटले नाही. टंकलेखकापासून सही करणाऱ्यापर्यंत तो कागद सरळ गेला.

चिटणीस नानासाहेब ठोंबरे वकील होते. त्यांनी चालक मंडळाची बैठक बोलावली. वार्ताहर म्हणून मी कोपऱ्यातल्या बाकावर होतो. मला बाहेर घालवायची गरज मंडळाला वाटली नाही, कारण आपण काही लपवण्यासारखे करतो आहोत असे त्यांना वाटतच नव्हते.

"बाई, गोष्ट इज्जतीची हाये," नानासाहेब म्हणाले.

"कोनाच्या?"

"शाळेच्या."

"शाळा तर इथीच होती. मी गेलती."

एक सभासद हसला. नानासाहेबांनी त्याच्याकडे पाहिल्यावर तो खोकला.

"मोटारीत झोपल्या तुमी. रस्त्यावर. त्यात त्या मेश्रामबाईले संगं नेलं," नानासाहेब म्हणाले.

"काऊन न्याची नाई?"

नानासाहेब मऊ आवाजात म्हणाले, "हे पाहा, बाई, माह्यं सोताचं काई म्हननं नाई. पन बाकीच्या पालकाइले आवडत नाई."

गोदूताईंनी हात जोडले. "हे वाक्य मी ऐकलेलं आहे," त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या. "फक्त तिथं ते बोलणारी बाई दारात उभी होती, तुम्ही खुर्चीत बसला आहात."

मंडळाने दोन गोष्टी मागितल्या. मोटार विकावी, आणि पुरुष नातलग सोबत असल्याशिवाय गावाबाहेर मुक्काम करणार नाही असे लिहून द्यावे. तसे केल्यास जागा कायम राहील. ज्या बाईने शाळेत भूगोल शिकवायचा, तिने जिल्ह्याची हद्द भावाचा हात धरून ओलांडायची, असा याचा अर्थ होता. गोदूताईंनी तिथेच राजीनामा दिला. शांताबाईही राजीनामा द्यायला निघाल्या होत्या. गोदूताईंनी त्यांना अडवले. "तू सोडू नोको," त्या म्हणाल्या. "दोघीबी गेलो तर त्याइले लय सोपं जाईन."

पुढचा प्रसंग खोटा वाटेल, म्हणून साधेपणाने सांगतो. गोदूताई सामान बांधत असताना नानासाहेब त्यांच्या दारात आले. बरोबर मुलगा वसंत होता. तो बॅरिस्टर व्हायला लंडनला निघाला होता आणि सुट्टीत मोटारीने फिरायचा त्याचा बेत होता. नानासाहेब म्हणाले, "बाई, झालं ते झालं. पोराले दोन गोष्टी सांगा."

गोदूताईंनी एका ट्रंकेवरचे कपडे उचलून वसंताला बसायला जागा केली आणि सगळे सांगितले. हॉर्न, रिकामे अंगण, ओली चादर, तांब्या. एकही गोष्ट गाळली नाही. टेलिफोनचीही सांगितली. वसंताने भाबडेपणाने विचारले, "पण ताई, तोंड दाखवूनही नाहीच म्हणाले तर काय करायचं?"

"बाबांना विचार," गोदूताई म्हणाल्या. "नाही म्हणायच्या सगळ्या रीती त्यांना येतात."

नानासाहेब उठले. जाताना त्यांनी बाईंचे आभार मानले. तेवढा रिवाज त्यांनी पाळला.

गोदूताई अमरावतीकडच्या एका शाळेत गेल्या, साध्या शिक्षिका म्हणून. मुख्याध्यापिकेची जागा त्यांना पुन्हा कोणी दिली नाही. मोटार अखेरपर्यंत त्यांच्याकडे होती. त्या वारल्या तेव्हा आर्वीच्या शाळेने शोकसभा घेतली नाही. आर्वीत त्यांच्या जागी आलेले गृहस्थ दर सुट्टीला एकटे प्रवास करत आणि विश्रामगृहात उतरत. त्यांना कोणी काही विचारल्याचे ऐकिवात नाही.

वसंत लंडनला पोचल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्याला खोल्या नाकारल्या गेल्या. सुशिक्षित, सुखवस्तू घरचा मुलगा, आणि दारातून परत. बातमी आर्वीत आली तेव्हा गाव संतापले. नानासाहेबांनी शाळेच्याच दालनात निषेधसभा घेतली. अध्यक्षस्थानी चालक मंडळाचे अध्यक्ष, व्यासपीठावर सगळे सभासद. नानासाहेब फार चांगले बोलले. केवळ जन्मावरून माणसाला निवारा नाकारणे ही रानटी गोष्ट आहे, असे ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. तो सरकारकडे पाठवायचा होता आणि मराठी निर्दोष हवी होती, म्हणून सुवाच्य प्रत काढायचे काम मराठीच्या शिक्षिकेकडे देण्यात आले.

ती शिक्षिका शांताबाई मेश्राम. हे सुचवताना कोणाचीही जीभ अडखळली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत आणून दिली. अक्षर सुरेख होते, एकही खाडाखोड नव्हती. नानासाहेबांनी चष्मा लावून वाचली आणि एका ओळीवर थांबले. "येथील जनतेस कळले आहे की" यापुढे मोकळी जागा सोडलेली होती, आणि मग "या ठिकाणी माणसांना खोली नाकारण्यात आली."

"शांताबाई, इथी गावाचं नाव राह्यलं."

"ते तुमी भरा, नानासाहेब," शांताबाई म्हणाल्या.

नानासाहेबांनी खिशातून पेन काढले आणि त्या जागेत लिहिले, लंडन.