चादरीचं दुसरं टोक

तिला सगळे शिडी म्हणायचे. उंच, हडकुळी, आणि जरा उसंत मिळाली की भिंतीला टेकून उभी राहणार, म्हणून शिडी. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईघर होतं, तिथे ती सव्विसाव्या वर्षी कामाला लागली आणि तिथेच तिचे केस पांढरे झाले. तिच्यासोबत घड्या घालणारी बाई तिच्या खांद्यालाही लागत नव्हती. ती चिमणी. दोघी एकदम दारातून आत आल्या की बॉयलरवाले काका म्हणायचे, "आली शिडी, आणि शिडीवर चढायला चिमणी." हा विनोद काकांनी एकोणीस वर्षं केला आणि दोघी एकोणीस वर्षं हसल्या, काकांचं मन मोडू नये म्हणून.

सकाळी वरच्या मजल्यांवरून मळक्या कपड्यांची गाठोडी खाली यायची. ती लांब टेबलावर सोडायची, हिरवं, पांढरं, रक्ताचं, साधं असं वेगळं करायचं आणि यंत्रांत भरायचं. दुपारी तापलेल्या रोलरखालून चादरी सपाट होऊन बाहेर पडायच्या आणि मग घड्या. इकडची दोन टोकं एकीनं धरायची, तिकडची दुसरीनं. एक झटका, मधून दुमड, पुन्हा झटका, मग चालत एकमेकींपाशी यायचं आणि टोकं हातात द्यायची. दिवसाला चारशेच्या आसपास चादरी. म्हणजे दिवसातून चारशे वेळा त्या दोघी जवळ यायच्या आणि चारशे वेळा लांब जायच्या.

रोलरची घरघर इतकी की शेजारच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही. त्यामुळे त्यांचं सगळं खाणाखुणांवर चालायचं. शिडीनं हनुवटी वर केली की "हे बाजूला ठेव." चिमणीनं भुवई उडवली की "मुकादम आलाय." ओठ मुडपले की "घरी भांडून आलेय, आज विचारू नकोस." कुठली चादर विरलीय हे चिमणीला नुसत्या हाताला कळायचं. ती अंगठ्यानं तेवढीच जागा दाबून धरायची आणि शिडी ती चादर न विचारता शिलाईवाल्या मावशींच्या टोपलीत टाकायची. मुकादम पाहुण्यांना धुलाईघर दाखवायला आणायचा तेव्हा या दोघींपाशी हमखास थांबायचा. पाहुणे म्हणायचे, काय जोडी आहे. शिडीला मनातून भारी वाटायचं, पण चेहरा मात्र ती कोरा ठेवायची.

मग चिमणीचे गुडघे गेले. लेकीनं तिला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. लेक राहायची ती जागा आगगाडीनं बारा तासांवर. शेवटच्या दिवशी चिमणीनं दुपारपर्यंत काम केलं, हातमोजे धुऊन खिळ्याला अडकवले आणि म्हणाली, "येते गं." शिडीच्या हातात चादर होती. ती म्हणाली, "हं."

त्या "हं"नं पुढे तिला फार छळलं. भाजी चिरताना, जिना उतरताना मधेच आठवायचं आणि वाटायचं, एवढ्या वर्षांनंतर आपल्या तोंडून काय निघालं, तर हं. तिचा नवरा कुलपं दुरुस्त करायचा, स्वभावानं शांत. त्यानं त्या दिवशी विचारलं होतं, रडलीस का. तर ती म्हणाली होती, रडायला सवड कुठे होती, दोन ट्रॉल्या राहिल्या होत्या.

चिमणीच्या जागी एक तिशीची बाई आली. हाताखाली आणखी दोघंजण आले, आणि जुना मुकादम निवृत्त होऊन नवी मुकादमीण आली. तिशीची बाई डावखुरी होती, म्हणून तिचं नाव पहिल्याच आठवड्यात डावी पडलं. डावखुऱ्या माणसासोबत चादर धरली की काय होतं ते ज्यानं धरलीय त्यालाच ठाऊक. शिडी उजवीकडे दुमडायची, डावी डावीकडे, आणि मधे चादरीला दोरखंडासारखा पीळ पडायचा. डावी हसायची. शिडीला हसू येत नसे. चादरीच्या त्या टोकाला दुसरं कुणीतरी उभं आहे हेच तिला सोसवत नव्हतं. झटका दिला की हाताला जी ओढ लागायची ती परकी होती. डोळे मिटले असते तरी तिला कळलं असतं, ही चिमणी नव्हे.

तिनं भांडण केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं बोलणंच बंद केलं. डावीनं रचलेले गठ्ठे ती डबा खायच्या सुट्टीत गुपचूप उलगडायची आणि पुन्हा आपल्या पद्धतीनं घडी घालून ठेवायची. डावी एकदा पाण्याची बाटली विसरली म्हणून परत आली आणि दारातच थांबली. शिडीची पाठ होती. डावी आल्या पावली परत गेली. पण त्या दिवसापासून तिनं गप्पा मारायचं सोडून दिलं.

नव्या मुकादमीणबाईंना हे सगळं दिसत होतं. त्यांनी एक दिवस रोलर बंद ठेवून सगळ्यांना गोल बसवलं आणि संघभावना या विषयावर अर्धा तास सांगितलं. मग प्रत्येकानं शेजारच्याचा एक गुण सांगायचा होता. शिडी डावीबद्दल म्हणाली, "वेळेवर येते." डावी शिडीबद्दल म्हणाली, "उंच आहेत." काकांना ठसका लागला. मुकादमीणबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि रोलर पुन्हा सुरू झाला.

रविवारी चिमणीचा फोन यायचा. सुरुवातीला दर रविवारी, मग एक आड एक. शिडीला फोनवर बोलता यायचं नाही. हनुवटी वर करून काही सांगायची सोय नव्हती ना. "बरी आहेस ना?" "बरी आहे." "गुडघे?" "आहेत." मग पलीकडे नुसता नातवाचा दंगा. फोन ठेवल्यावर शिडी बराच वेळ खिडकीत उभी राहायची. जे सांगायचं होतं ते तसंच राहून जायचं.

एका सकाळी ऑपरेशन थिएटरचं हिरवं गाठोडं खाली आलं. त्याची गाठ दुहेरी मारलेली होती आणि खालच्या बाजूला गेली होती. वरची माणसं घाईत असली, आतलं न तपासता बांधून मोकळी झाली, की अशी गाठ पडते, हे शिडीला वीस वर्षांत कळून चुकलं होतं. असं गाठोडं चिमणी आणि ती कधी हात घालून उघडत नसत. टेबलावर सोडून चिमट्यानं एकेक कपडा उचलायच्या. शिडी टेबलाच्या टोकाला होती. तिनं डावीच्या तोंडाकडे पाहिलं आणि हनुवटी वर केली.

डावीनं पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि गाठोड्यात हात घातला.

वाकडी सुई होती, टाके घालायची. जाड हातमोज्यातून आरपार गेली. रक्त फार आलं नाही, पण कुणाला टोचलेली सुई होती ते कुणालाच सांगता येईना. डावीला वर नेलं, रक्त तपासायला घेतलं. दीड महिन्यानं पुन्हा तपासायचं, मग तीन महिन्यांनी. तोवर काही सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. डावीला दोन लहान मुली होत्या.

संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत दोघीच होत्या. डावी बाकावर बसून बोटाची पट्टी पाहत होती. तिनं वर न बघता विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो," शिडी म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"मी हनुवटी वर केली होती."

डावीनं आता मान वर केली. "मला वाटलं, लवकर आटप म्हणताय. तुम्ही माझ्याकडे नेहमी तशाच बघता."

खोटं काहीच नव्हतं त्यात. शिडी घरी गेली, ताट पुढे घेऊन बसली आणि तसंच सारून उठली. नवऱ्यानं ताट झाकून ठेवलं.

त्या आठवड्यात रविवारची वाट न बघता तिनंच चिमणीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. गाठ, सुई, हनुवटी, सुट्टीत उलगडलेले गठ्ठेसुद्धा. एवढं सलग ती जन्मात बोलली नव्हती. पलीकडे चिमणी ऐकत राहिली. मग म्हणाली, "तू नवीन होतीस तेव्हा चादरीला असा हिसका द्यायचीस, माझे खांदे भरून यायचे. दोन वर्षं मी घरी जाऊन शेकत होते."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलायला हवं होतं. पण तू रडवेली व्हायचीस पटकन. मग मीच तुझ्या हिशेबानं धरायला लागले."

एकोणीस वर्षं शिडीला वाटत होतं, जोडी आपोआप जमली. ती जमवायला एक बुटकी बाई दोन वर्षं खांदे शेकत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मुकादमीणबाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं, चूक माझी म्हणाली, आणि रोज चहाच्या वेळी पंधरा मिनिटं मागून घेतली. त्या पंधरा मिनिटांत ती नव्या तिघांसमोर उभी राहून बोलायची. कुठल्या वॉर्डाची गाठ कशी असते, ओलं गाठोडं हाताला जड लागलं तर काय समजायचं, चिमटा कधी घ्यायचा. जमायचं नाही. हाताला येत होतं ते जिभेवर येईना. मधेच अडकायची, मग टेबलावर गाठोडं ठेवून करून दाखवायची. शिलाईवाल्या मावशी आपणहून येऊन बसल्या आणि विरलेलं कापड बोटाला कसं कळतं ते त्यांनी सांगितलं. डावी पहिले दोन दिवस लांब उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, वरचे लोक अशी गाठ मारतात, तर वर जाऊन त्यांनाच का सांगत नाही?

हे वीस वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दोघी लिफ्टनं वर गेल्या. थिएटरच्या मुख्य सिस्टर दारात आल्या आणि विचारू लागल्या, तुम्ही कुठल्या पेशंटच्या? खालून कुणी वर येतं याची त्यांना सवयच नव्हती. शिडी गांगरली. बोलली ती डावी, पट्टी बांधलेलं बोट पुढे धरून. सिस्टरांनी आत बोलावून बसवलं. तपासून बांधलेल्या गाठोड्याला पिवळी फीत लावायची, फीत नसेल तर खालच्यांनी ते न उघडता परत पाठवायचं, असं तिथेच ठरलं. परतताना लिफ्टमध्ये शिडी म्हणाली, "आजपासून तू त्या बाजूला उभी राहा, मी या. मी डाव्या अंगानं दुमडून बघते."

महिनाभर चादरींचे बोळे झाले. मग हळूहळू पीळ पडायचा थांबला. डावीच्या तिन्ही तपासण्या चांगल्या आल्या. शेवटच्या तपासणीच्या दिवशी तिनं कागद शिडीच्या हातात दिला, आणि शिडीला चष्मा नसल्यानं काही वाचता आलं नाही, तरी ती कागदाकडे बघत राहिली.

पुढे तिनं आठवडाभर रजा घेतली आणि आगगाडीनं चिमणीकडे गेली. चिमणी आणखी लहान झाली होती, खुर्चीत बसली की पाय जमिनीला टेकत नव्हते. लेकीनं मोठ्या कौतुकानं सगळं केलं. चिमणी मात्र एकच विचारत होती, आता टेबलापाशी कोण असतं, काकांचा बॉयलर अजून कुरकुरतो का, मावशींनी मशीन बदललं का. शिडी सांगत होती. एका दुपारी चिमणीनं विचारलं, "नव्यांना माहीत आहे का गं, मी होते ते?"

शिडीला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "नाही. मीच कधी सांगितलं नाही. तुझं नाव काढलं की मला पुढे बोलवत नाही."

चिमणी म्हणाली, "त्या डावीला म्हणावं, एकदा फोन कर."

परत आल्यावर शिडीनं निरोप दिला. रविवारी डावी तिच्या घरी आली आणि शिडीच्याच फोनवरून तिनं नंबर लावला. शिडी चहा टाकायला आत गेली. बाहेर डावी खळखळून हसत होती, मधेच "खरंच?" म्हणत होती, मग बराच वेळ नुसतं ऐकत होती. चहा दोनदा गरम केला. पाऊण तास झाला. इतका वेळ चिमणी शिडीशी कधी बोलली नव्हती. शिडी ओट्याला टेकून उभी राहिली, दोन्ही कप हातात धरून, आणि मधेच एकदा त्या फोनमधून चिमणीचं हसू बारीकसं ऐकू आलं, तेव्हा तिनं कप खाली ठेवले आणि पदराचं टोक डोळ्यांना लावलं.